नववी ‘ब’मधला सार्वजनिक माणूस

मराठी साहित्यानं शाळकरी मुलगा भरपूर रंगवला आहे. साने गुरुजींचा श्याम हळवा, ताम्हनकरांचा गोट्या निर्व्याज, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे धाडसी, आणि मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’तला मुकुंद जोशी प्रेमात पडलेला. यांतल्या एकाच्याही हातात वर्गणीची वही नाही. स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी मंडपवाल्याशी दोन खुर्च्यांच्या भाड्यावरून हुज्जत घालणारा मुलगा कोणाच्याच कादंबरीत शिरलेला नाही. पु. ल. देशपांड्यांनी लग्नघरातला नारायण अजरामर केला खरा, पण तो तयार झालेला, मुरलेला नारायण. तो घडतो कुठे हे पाहायचं तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही अनुदानित हायस्कुलात नववीच्या वर्गात जावं आणि दाराजवळच्या शेवटून दुसऱ्या बाकाकडे बघावं. दाराजवळ अशासाठी, की त्याला दिवसातून चारदा बाहेरून बोलावणं येतं आणि दरवेळी सगळा वर्ग ओलांडून जाणं बरं दिसत नाही.

नववीच का? आठवीपर्यंतची मुलं शिक्षकांच्या लेखी अजून लहान असतात. त्यांच्या हाती पैसे आणि किल्ल्या देत नाहीत. दहावीचा मुलगा तर सोवळ्यातला. त्याच्यापायी घरातलं केबलचं कनेक्शन तोडलेलं असतं, सख्ख्या मावशीच्या लग्नालाही त्याला नेलेलं नसतं. मग शाळा त्याला पताका चिकटवायला कशी बसवणार? त्यामुळे जूनच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शाळेत चारचौघांत जे काही घडतं, ते उभं करण्याचा भार नववीवर येतो. शिक्षक दिनाला दहावीच्या मुली साड्या नेसून आणि मुलगे वडिलांचे कोट घालून दिवसभर शिक्षक म्हणून मिरवतात. त्यांच्या तासांचं वेळापत्रक लावणं, खडू पोचवणं आणि पाचवीच्या वर्गात रडकुंडीला आलेल्या हंगामी शिक्षकाची सुटका करणं ही कामं नववीची. पुढे त्याच दहावीला निरोप द्यायचा, तोही नववीनंच. शिवाय १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि त्याची फुलं सुकायच्या आत २८ ला विज्ञान दिन. प्रत्येक तारखेला एक तसबीर, एक हार, एक टेबल, टेबलावर धुतलेली चादर आणि पाठ केलेली तीन भाषणं लागतात. विज्ञान दिनाच्या सकाळी सी. व्ही. रामन यांची तसबीर सापडत नाही तेव्हा विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालून वेळ मारून नेणारा इसम तो हाच. दोघांच्याही डोक्याला पागोटं असल्यामुळे तिसऱ्या रांगेच्या पलीकडे कोणाला काही कळत नाही, आणि पहिल्या दोन रांगांत पाचवीची मुलं असतात.

त्याची नेमणूक पाहण्यासारखी असते. जूनअखेरीस वर्गशिक्षक विचारतात, “फळ्याला रंग द्यायचाय. दहा-दहा रुपये कोण गोळा करेल?” वर्गात एकदम अभ्यासू शांतता पसरते. एरवी ज्यांनी पुस्तकाला हात लावला नसता तेही पुस्तकात डोकं खुपसतात. अशा वेळी कान खाजवायला अर्धवट वर गेलेला एक हात सरांना दिसतो, शेजारचा “सर, हा बघेल” म्हणून शिक्कामोर्तब करतो, आणि फळ्याच्या रंगापासून एक कारकीर्द सुरू होते. बऱ्याच शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतं. त्यात मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री असतात, शपथविधी होतो, फोटो निघतो. आपला हा गडी त्या मंत्रिमंडळात नसतो. शपथविधीचा माईक त्यानं आणलेला असतो.

दिसायला तो कसाही असू शकतो, पण त्याचा खिसा सगळीकडे सारखाच. त्यात सेफ्टी पिनांची माळ, अर्धा खडू, सेलोटेपचं संपत आलेलं रिंगण, हॉलच्या कुलपाची किल्ली आणि चार घड्या पडलेला एक कागद असतो. त्या कागदावर काय आहे हे त्याच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. चालण्यात घाई कायमची. तो पाणी प्यायला जात असला तरी कोणाला तरी शोधायला निघाल्यासारखा दिसतो. भाषा मोठ्या माणसांची. समवयस्कांना तो “ए, सहकार्य करा रे जरा” असं म्हणतो. शिपाईमामांशी त्याचं गूळपीठ असतं, कारण शाळेतली खरी सत्ता किल्ल्यांच्या जुडग्यात असते हे त्याला मुख्याध्यापकांच्याही आधी उमगलेलं असतं. “मी बघतो, सर” हे त्याचं पालुपद. काय बघणार, कसं बघणार, हे त्यालाही त्या क्षणी ठाऊक नसतं.

माझं म्हणणं असं, की हा मुलगा असा जन्मत नाही. उरलेला वर्ग त्याला असा करून ठेवतो. शाळेच्या वार्षिक अहवालात लिहिलेलं असतं, की सहशालेय उपक्रमांतून विद्यार्थ्यांना संघभावनेचं आणि सहजीवनाचं शिक्षण मिळतं. साठ मुलांच्या वर्गात ते शिक्षण मिळतं एकालाच. उरलेल्या एकोणसाठांना वेगळंच शिक्षण मिळतं, हाताला हात लावून मम म्हणण्याचं. “तो आहे ना” हे त्या शिक्षणाचं ब्रीदवाक्य. फुलं कोण आणणार? तो आहे ना. बाक कोण उचलणार? तो आहे ना. आणि चहात साखर कमी पडली तर? तेव्हाही तोच आहे. फक्त आता सूर वेगळा लागतो. वर्षभराचे सगळे सोहळे या एका वाक्यावर चालतात, आणि ते वाक्य दहावीच्या निकालाबरोबर संपत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत जे बटाटेवडा संपताच उठून जातात आणि मग जिन्यात उभं राहून सेक्रेटरीच्या हिशेबाबद्दल शंका काढतात, ती प्रजा याच एकोणसाठांतून आलेली असते.

पुरावा हवा असेल तर डिसेंबर गाठावा. स्नेहसंमेलन, म्हणजे शाळेच्या भाषेत गॅदरिंग, हा या माणसाचा उत्सव. कार्यक्रमपत्रिका ठरलेली असते: ईशस्तवन, स्वागतगीत, लेझीम, एक कोळीगीत, एक शेतकरी नृत्य, हुंडा किंवा व्यसन किंवा प्लॅस्टिक यांपैकी एका राक्षसाचा वध करणारं नाटुकलं, आणि शेवटी सगळे ज्याची वाट पाहत असतात ते शेलापागोटे, म्हणजेच फिश पॉन्ड. यांपैकी लेझीम शाळेच्या कपाटात असतात, त्यातल्या निम्म्यांच्या चकत्या गळालेल्या. कोळीगीताचे कपडे भाड्यानं आणायचे, अनामत ठेवायची, आणि परत करताना एक लाल टोपी कमी भरते ती भरून द्यायची. ही टोपी कुठे जाते याचा उलगडा कुठल्याच शाळेत झालेला नाही. फिश पॉन्डच्या पेटीत आलेल्या चिठ्ठ्या आधी तो आणि एक बाई मिळून चाळतात. कोणाच्या रंगावर, जातीवर, वडिलांच्या धंद्यावर बेतलेली चिठ्ठी असली तर ती बाईंच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत त्याच्या खिशात गडप होते. कोणाला काय लागेल आणि कोण काय हसून सोडून देईल याचं ज्ञान नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही, पण त्याच्याकडे असतं. एवढ्यासाठी त्याला शंभर गुन्हे माफ करावेत.

मग गाण्यांची मंजुरी. वर्गाला जे गाणं हवं असतं ते पर्यवेक्षकांना नको असतं, आणि त्यांना जे हवं असतं त्यावर नाचायला कोणी तयार नसतं. ‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये आला. शाळकरी पोरापोरींनी एकसाथ ‘झिंगाट’ मागितल्यावर ती मागणी घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत जाणं ही काय कामगिरी असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी. त्याची पद्धत मुत्सद्द्याची असते. तो तीन गाण्यांची यादी नेतो. पहिली दोन अशी असतात, की ती ऐकून सरांचा चेहरा लालबुंद व्हावा. तिसरं त्या मानानं सोज्वळ वाटतं आणि मंजूर होतं. वर्गाला वाटतं सरांना फसवलं, सरांना वाटतं आपण संस्कृती वाचवली. दोन्ही बाजूंना जिंकल्यासारखं वाटावं असा तह करण्याची ही अक्कल चौदाव्या वर्षी आलेली असते, आणि त्याच आठवड्यात त्याला पुरंदरच्या तहावर ‘टीपा लिहा’मध्ये चारापैकी दीड गुण मिळालेला असतो.

प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या वेळी तो पडद्याच्या दोरीपाशी उभा असतो. त्यामुळे आपण उभा केलेला एकही नाच त्यानं समोरून पाहिलेला नसतो. प्रत्येक नाच त्याला बाजूनं दिसतो, म्हणजे एका रांगेत एकामागे एक लपलेल्या सहा मुली. पेनड्राइव्ह चालत नाही तेव्हा स्पीकरवाल्याच्या मागे तो. पाहुणे आलेले नसतात तेव्हा स्वागतगीत पुन्हा गायला मुलींना हातापाया पडून तयार करणारा तो. आभारप्रदर्शनाचं भाषण त्यानंच लिहून दिलेलं असतं आणि त्यात संस्थाचालकांपासून पाण्याच्या टँकरवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं येतात. “ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी” या चार शब्दांत त्याची स्वतःची बोळवण झालेली असते. वर्गाच्या फोटोत तो बहुधा नसतो. असलाच तर कडेला कोपरापर्यंतचा एक हात दिसतो, मागच्या रांगेला “सरका, सरका” म्हणणारा.

पण त्याचा खरा ग्रंथ म्हणजे हिशेबाची वही. ती पुढून भूगोलाची असते आणि मागून वर्गणीची. भूगोल अकराव्या पानावर थांबतो. वर्गणी मागून येत येत त्याला गाठते. साठ नावं, प्रत्येकी तीस रुपये, म्हणजे कागदावर अठराशे. नावांपुढचे शेरे वाचण्यासारखे असतात: ‘दिले’, ‘उद्या’, ‘सोमवारी नक्की’, ‘आई गावाला’, ‘फाटकी नोट, परत केली’, ‘भांडला’. आणि चार-पाच नावांपुढे ‘दिले’ लिहिलेलं असतं, पण ते पैसे आलेले नसतात. कोणाच्या घरी तीस रुपये मागितले तर रात्री भांडण होईल हे त्याला माहीत असतं. मग तो समोसेवाल्याशी घासाघीस करतो, ज्याच्या बापाचं कापडदुकान आहे त्याच्याकडून पन्नास उकळतो, आणि हिशेब जुळवतो. हिशेबतपासनीस या वहीला खोटी म्हणतील. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरही असेल. मात्र वर्गातल्या कोणत्या मुलाची कशी परिस्थिती आहे याची इतकी नेमकी नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरातही सापडणार नाही.

इथे कोणी विचारेल, हे सगळं मुलगेच करतात का? मुलींच्या शाळेत तर हे पात्र असतंच, आणि तिथे टोपी हरवत नाही. मिश्र शाळेत मात्र कामाची एक चमत्कारिक वाटणी झालेली दिसते. रांगोळी, फलकलेखन, औक्षणाचं ताट, सूत्रसंचालनाची कार्डं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटची बेरीज ही कामं तिसऱ्या बाकावरची एक मुलगी करते. तिच्याही नावापुढे कोणी काही लिहीत नाही. फरक इतकाच, की तो दमला हे सगळ्या शाळेला कळतं, कारण तो ते सांगत फिरतो. ती घरी जाऊन गणिताचा स्वाध्याय पूर्ण करते. हा लेख त्याच्यावर आहे हे तिला कळलं तर ती नुसती हसेल, आणि ते हसणं रास्त असेल.

आता आक्षेप. पहिला अर्थातच पालकांचा: या भानगडींत पोराचा अभ्यास बुडतो. बुडतो, यात शंका नाही. नाचाच्या तालमी गणिताच्या तासालाच कशा येतात हे पाहिलं, तर त्यामागे निव्वळ योगायोग आहे असं म्हणवत नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला घरात कोणी ओवाळत नाही. पण बुडालेल्या अभ्यासाच्या बदल्यात काय मिळालं, हे मोजायची सोयच आपण ठेवलेली नाही, त्याचं काय? दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शास्त्रीय नृत्य-गायनाला आणि लोककलेला मिळतात, इंटरमिजिएट चित्रकलेत ‘अ’ श्रेणी असेल तर ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३ मिळतात. कोळीनृत्य करणाऱ्याची कुठेतरी सोय लागू शकते; कोळ्यांचे कपडे वेळेवर आणणाऱ्याची लागत नाही. पहिली ते आठवीसाठी २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदींना जागा झाली. तिथे ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने असतात. पहिल्यात बाई लिहितात, ‘शालेय कार्यक्रमांत उत्साहाने सहभागी होतो’. तिसऱ्यात लिहितात, ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’. एकच गोष्ट दोन रकान्यांत विभागून मांडलेली आहे हे त्याला समजतं, पण तो वाद घालत नाही. शिवाय या नोंदी आठवीला संपतात, म्हणजे त्याच्या कर्तृत्वाचं वर्ष उजाडायच्या बरोबर आधी.

दुसरा आक्षेप वर्गमित्रांचा, आणि तो जास्त झोंबरा आहे: हा सरांचा चमचा, पुढे पुढे करणारा. अशी मुलं असतात. पण चमच्याची खूण अशी, की तो काम झाल्यावर सरांच्या शेजारी दिसतो. हा त्या वेळी बाक परत वर्गात लावत असतो. सरांचा निरोप वर्गाला आणि वर्गाची कुरकुर सरांना सांगताना दोन्हीकडची बोलणी तोच खातो. सहलीत हे उघड दिसतं. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. त्या सवलतीची कागदपत्रं, पालकांची संमतिपत्रं, मुलांची यादी यांचा गठ्ठा सांभाळत तो पहाटे पाचला डेपोत हजर. पन्हाळा असो की रायगड, गाडीत खिडकीच्या जागेवरून महाभारत व्हायचंच. ते तो सोडवतो. घाट लागला की कोणाला मळमळतंय हे ओळखून प्लॅस्टिकची पिशवी आणि आवळासुपारी योग्य बाकावर पोचवतो. दर थांब्यावर मुंडकी मोजतो आणि दरवेळी एक कमी भरतं, कारण तो स्वतःला मोजायला विसरलेला असतो. सर पुढच्या सीटवर झोपलेले असतात. आता यात चमचेगिरी कुठे आली? असलीच तर सरांची.

तिसरा आक्षेप थोरामोठ्यांचा: अशीच मुलं पुढे राजकारणात जातात. हा आक्षेप मला सगळ्यांत कच्चा वाटतो. राजकारणाला व्यासपीठावर बसणारा लागतो. याला व्यासपीठाखालच्या विटा सरळ करण्यात रस. शिवाय आपल्या व्यवस्थेनं याला सार्वजनिक पदापासून दूर ठेवायची तजवीज केव्हाच केलेली आहे. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालयातला वर्गप्रतिनिधी निवडणुकीऐवजी आदल्या वर्षीच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवर नेमायचं ठरवलं. हाणामाऱ्या थांबाव्यात हा हेतू समजण्यासारखा होता. पण त्यातून असं सूत्र बनलं, की ज्याला ब्याण्णव टक्के तो लोकांचा प्रतिनिधी. अठ्ठावन्न टक्केवाला, ज्याला अख्ख्या वर्गाची घरं ठाऊक आहेत, तो खुर्च्या लावायला. २०१६ च्या नव्या कायद्यानं निवडणुकांची तरतूद परत आणली. तोवर ब्याण्णव टक्केवाल्यांच्या दोन पिढ्या प्रतिनिधी होऊन परदेशी पोचल्या होत्या. तिथे गेल्यावर त्यांना समजलं, की गणेशोत्सव साजरा करायचा तर हॉल बुक करावा लागतो. शिकागोत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. ही मंडळं इतकी वर्षं टिकली त्याअर्थी अठ्ठावन्न टक्केवालेही काही थोडे व्हिसा मिळवून तिकडे पोचले असणार, असं मानायला जागा आहे.

चौथा मुद्दा आक्षेप नाही, काळाची वार्ता आहे: असा मुलगा आता लागत नाही. मोठ्या शहरांतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत गॅदरिंगचं ‘ॲन्युअल डे’ झालं. नाच बसवायला बाहेरचा कोरिओग्राफर, नाट्यगृह भाड्यानं, पोशाखांची रक्कम फीबरोबर, आणि निरोप पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सगळं देखणं होतं, वेळेत सुरू होतं, पडदा अडकत नाही. फक्त त्यात मुलांनी केलेलं असं काही नसतं. ती येतात, ठरलेल्या जागी उभी राहतात, नाचतात आणि गाडीत बसून घरी जातात. आधीच्या पद्धतीत साठांतला एक तरी शिकत होता. इथे साठच्या साठ प्रेक्षक, त्यांतले काही रंगमंचावर उभे एवढंच. सुधारणेच्या नावाखाली एकाचंही शिक्षण बंद करायचं, याला मी तरी प्रगती म्हणणार नाही.

एवढी वकिली केल्यावर आरोपीचे खरे दोषही सांगितले पाहिजेत, कारण तो काही संत नव्हे. तो हुकूमशहा आहे. “तुम्हाला नाही जमणार, सोडा” हे वाक्य तो ऑगस्टमध्ये एकदा उच्चारतो आणि मार्चपर्यंत त्याची फळं भोगत कुरकुरतो. पताका लावायला कोणी आलाच, तर त्यानं लावलेली पताका हा काढून पुन्हा लावतो. पहिल्यांदा आलेला मुलगा दुसऱ्यांदा येत नाही. वही तो कोणाला दाखवत नाही, किल्ली देत नाही, स्पीकरवाल्याचा नंबर फक्त त्याच्याकडे असतो. आपल्यावाचून शाळेचं पान हलू नये अशी व्यवस्था तो निगुतीनं करतो आणि मग “सगळं मलाच करावं लागतं” असं म्हणतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा तो थकवा दागिन्यासारखा असतो. “तो आहे ना” म्हणणारे एकोणसाठ आणि “मी बघतो” म्हणणारा एक यांचं हे संगनमत असतं. दोघांनाही ते सोयीचं. म्हणूनच वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं, आणि पुढे गावच्या उत्सव समितीत, पतपेढीत, वाचनालयात तीच माणसं त्याच जागांवर बसलेली दिसतात. वाचनालयाचा चिटणीस चाळीस वर्षं एकच का, असं आपण विचारतो; निवडणुकीला अर्ज भरायची वेळ आली, की आपल्यालाही अचानक वाचायला पुस्तक सापडतं.

यावर उपाय शोधायला परदेशी शिक्षणतज्ज्ञांकडे जायला नको. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहत आणि वसतिगृहाची कामं स्वतः करत. तिथे एकानं दळायचं आणि बाकीच्यांनी “तो आहे ना” म्हणून जेवायचं, अशी सोय नव्हती. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. म्हणजे काम अंगावर घेणाऱ्यांत पहिला नंबर शिक्षकाचा होता. आपल्या हायस्कुलांनी त्यांच्या तसबिरी लावल्या, जयंतीला हार घातले, आणि हार आणायचं काम नववी ‘ब’मधल्या त्याच मुलाला सांगितलं.

तेव्हा वर्गशिक्षकांना एक विनंती. यंदाच्या निरोप समारंभाची वही त्याच्याकडे देऊ नका. कान खाजवायला कोणाचाही हात वर गेला, तरी तो त्याचा नसेल एवढं बघा, आणि त्याच्या खिशातली किल्ली आधी काढून घ्या. त्याला पहिल्या रांगेत, खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसवा. सुरुवातीची दहा मिनिटं तो सारखा मागे वळून स्पीकरकडे पाहील, पाहू द्या. कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू होईल, कोणीतरी प्रमुख पाहुण्यांचं नाव चुकवेल, समोसे पाच-सहा कमी पडतील. पडू द्या. ज्यांना मिळाले नाहीत ते निदान पुढच्या खेपेला मोजायला उठतील.